दुसरा फ्लॅट आणि बारा वर्षांची भीती

फ्लॅट भाड्याने द्यायचा विषय निघाला की घरातलं एखादं ज्येष्ठ माणूस ठरलेलं वाक्य बोलतंच : ‘बारा वर्षं राहू दिलंस, तर घर त्याचंच होईल हो!’ मग त्या घरातल्या दोन पिढ्या त्या एकाच वाक्याच्या धाकाने वागतात. कुणी दर अकरा महिन्यांनी भाडेकरू बदलतं, कुणी जवळच्या नात्यातल्यालाच देतं आणि भाडं मागायला लाजतं, तर कुणी सरळ कुलूप लावून ठेवतं. एवढं करून करारावर मात्र नोटरीचा शिक्का मारून आणतात आणि आपण सुरक्षित आहोत असं समजतात. म्हणजे ज्या बाजूने धोका फारसा नाही तिथे पहारा, आणि खरा दरवाजा उघडा.

बारा वर्षांचं प्रकरण आधी निकाली काढू. १९६३च्या मुदत कायद्यात बारा वर्षांची मुदत आहे हे खरं. पण ती कुणासाठी? मालकाचा हक्क धुडकावून, उघडपणे, सलग बारा वर्षं जागा बळकावून बसलेल्यासाठी. भाडेकरू तुमच्या परवानगीने राहतो, दर महिन्याला तुम्हाला पैसे देतो आणि तुम्हीच मालक आहात हे त्या पैशांनी कबूल करतो. परवानगीने घेतलेला ताबा नुसत्या दिवस उलटण्याने विरोधी ताबा होत नाही, मग वर्षं बारा होवोत की वीस. बारा वर्षांची भीती बाळगायचीच तर गावाकडच्या मोकळ्या, कुणी न पाहिलेल्या प्लॉटबद्दल बाळगावी. तिथे ती अगदीच अनाठायी नाही.

तरीही जुनी माणसं उगाच घाबरत नव्हती. त्यांनी जे पाहिलं होतं ते घाबरण्यासारखंच होतं. १९४७च्या मुंबई भाडे नियंत्रण कायद्याने मुंबईतली जुनी भाडी १९४०च्या पातळीला बांधून टाकली. युद्ध आणि फाळणीच्या काळात लोकांना डोक्यावर छप्पर मिळावं म्हणून केलेली ही तात्पुरती सोय मुदतवाढीवर मुदतवाढ मिळत पन्नास वर्षं चालली. गिरगाव-दादरच्या चाळींमध्ये भाड्यापेक्षा जिन्यातल्या दिव्याचं बिल जास्त येऊ लागलं, मालकांनी दुरुस्ती सोडून दिली आणि पागडीचा व्यवहार फोफावला. यातून सुटायला मालकांनी एक वाट काढली होती : भाडेकरार करायचाच नाही, ‘लिव्ह अँड लायसन्स’ करायचं. राहणाऱ्याला फक्त राहण्याची परवानगी, जागेत कसलाही हक्क नाही, त्यामुळे भाडे नियंत्रण लागू नाही. मग १९७३ साली सरकारने कायदा दुरुस्त केला आणि १ फेब्रुवारी १९७३ या दिवशी जे असे परवानाधारक म्हणून राहत होते, त्यांना एका फटक्यात संरक्षित भाडेकरू करून टाकलं. काल परवानगीवर राहणारा आज कायद्याने हलवता न येणारा भाडेकरू झाला. त्या वर्षी ज्यांची जागा गेली त्यांची मुलं-नातवंडं आज फ्लॅटमालक आहेत. भीती तिथून आलेली आहे.

पण तो कायदा आता नाही. १९९७ साली सर्वोच्च न्यायालयाने या गोठवलेल्या भाड्यांना अवाजवी ठरवलं, आणि ३१ मार्च २०००पासून महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ लागू झाला. छोट्या घरमालकाने या कायद्यातली दोनच कलमं नीट वाचावीत : २४ आणि ५५.

कलम २४ सांगतं, की राहण्यासाठी लिव्ह अँड लायसन्सने दिलेल्या जागेची मुदत संपली की राहणाऱ्याने ताबा परत द्यायचा. दिला नाही, तर मालकाने सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करायचा. नेहमीच्या दिवाणी दाव्यासारखं इथे वर्षानुवर्षं चालत नाही. नोटीस मिळाल्यापासून तीस दिवसांत राहणाऱ्याला आधी बाजू मांडायची परवानगी मागावी लागते, आणि तिच्यासाठी सबळ कारण दाखवावं लागतं. ते नसेल तर ताब्याचा हुकूम. शिवाय मुदतीनंतर तो जितके दिवस राहिला, तितक्या दिवसांची भरपाई ठरलेल्या भाड्याच्या दुप्पट दराने. लेखी करारात जे लिहिलं आहे तो या कामासाठी निर्णायक पुरावा धरला जातो. प्रत्यक्षात तारखा पडतात, महिने जातात. पण चाळीच्या दाव्यांमध्ये ज्या पिढ्या गेल्या, त्यांच्यापुढे हे काहीच नाही.

कलम ५५ मात्र मालकाचे कान धरतं. करार लेखी हवा, नोंदवलेला हवा, आणि तो नोंदवण्याची जबाबदारी मालकाची. करार नोंदवलेला नसेल आणि पुढे वाद झाला, तर कोणत्या अटींवर जागा दिली याबद्दल भाडेकरू जे म्हणेल ते खरं धरलं जातं. ते खोटं पाडायचं काम मालकाचं. तुम्ही म्हणाल वीस हजार भाडं आणि अकरा महिने, तो म्हणेल आठ हजार आणि पाच वर्षं, तर सुरुवात त्याच्या आकड्याने होते. वर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही, तेही मालकालाच. नोटरीच्या शिक्क्याने यातलं काहीही टळत नाही.

अकरा महिन्यांची चाल इथेच उघडी पडते. देशभरच्या नोंदणी कायद्यात एक वर्षाहून अधिक मुदतीच्या भाडेपट्ट्याला नोंदणी सक्तीची आहे. म्हणून इतर राज्यांत लोक अकरा महिन्यांचा करार करून नोंदणी चुकवतात. महाराष्ट्रात ही पळवाट चालतच नाही, कारण कलम ५५ला मुदतीशी देणं-घेणं नाही. करार अकरा महिन्यांचा असो की तीन महिन्यांचा, नोंदणी करायचीच. आणि नोंदणी करायचीच आहे तर अकराच महिने कशासाठी? साठ महिन्यांपर्यंतच्या लिव्ह अँड लायसन्सला मुद्रांक शुल्काचा दर एकच आहे, पाव टक्का. चांगलं कुटुंब मिळालं तर दोन किंवा तीन वर्षांचा करार करा, दरवर्षी किती टक्के वाढ ते त्यातच लिहा, आणि दर उन्हाळ्यात तेच कागद, तोच एजंट, तीच दलाली हे चक्र थांबवा.

खर्चाची भीतीही निराधार आहे. समजा, भाडं २०,००० रुपये, मुदत ११ महिने, परत करायची अनामत ६०,०००. एकूण भाडं २,२०,०००. त्यात अनामतीवर वर्षाला दहा टक्क्यांनी अकरा महिन्यांचं व्याज म्हणून ५,५०० मिळवायचे. या २,२५,५००चा पाव टक्का म्हणजे ५६४ रुपये. नोंदणी फी शहरात १,०००, ग्रामीण भागात ५००. एजंट घरी येतो, लॅपटॉपला अंगठ्याचं यंत्र जोडतो, मालक, भाडेकरू आणि दोन साक्षीदार यांचे अंगठे आणि फोटो घेतो, आणि काही दिवसांत इंडेक्स-२सह दस्त हातात पडतो. एजंट आपलं वेगळं घेतो, ते आधी विचारून घ्यावं. पण एवढ्या पैशांत कलम २४चं सगळं संरक्षण मिळत असताना ते वाचवणाऱ्या माणसाला काटकसरी म्हणवत नाही.

कागदाचा प्रश्न असा काही हजारांत सुटतो. हिशेबाचा सुटत नाही, आणि छोटा गुंतवणूकदार बुडतो तो इथे. भाडेकरू बळकावून बसलाय अशी उदाहरणं मोजकी. खरेदीच्या दिवशीच तोट्यात गेलेले मालक मात्र प्रत्येक सोसायटीत सापडतील. फक्त त्यांनी बेरीज केलेली नसते म्हणून ते कुरकुरत नाहीत.

ती बेरीज एकदा करून पाहू. आकडे मी धरलेले आहेत, पण पुण्याच्या उपनगरातल्या वन बीएचके किंवा लहान टू बीएचकेला ते अनोळखी वाटणार नाहीत. करारातली किंमत ६० लाख. पुण्यात मेट्रो अधिभार आणि स्थानिक संस्थेचा अधिभार धरून मुद्रांक शुल्क ७ टक्के, म्हणजे ४ लाख २० हजार (घर केवळ स्त्रीच्या नावावर असेल तर एक टक्का कमी). नोंदणीचे ३० हजार. पंखे, गिझर, किचन ट्रॉल्या, कपाटं, जाळ्या यांत ३ लाख कुठे गेले ते कळतही नाही. झाले साडेसदुसष्ट लाख. बांधकाम चालू असतानाच घेतलं तर साधारणपणे पाच टक्के जीएसटीचे आणखी तीन लाख, पण ते सध्या सोडून देऊ.

भाडं १८,०००. एजंट म्हणतो, वर्षाला २ लाख १६ हजार, म्हणजे ३.६ टक्के परतावा. आता त्याने न सांगितलेलं. सरासरीने वर्षातला एक महिना घर रिकामं राहतं, तेव्हा हातात १ लाख ९८ हजार. सोसायटीचा मेंटेनन्स महिना ३,००० धरला तर ३६,०००. मिळकतकर १२,०००. पुण्यात स्वतः राहणाऱ्या मालकाला मिळकतकरात जी ४० टक्के सवलत आहे ती भाड्याने दिलेल्या घराला मिळत नाही, हे अनेकांना बिल आल्यावर कळतं. मालक स्वतः राहत नाही म्हणून सोसायटी घेते ते ना-भोगवटा शुल्क २,४००. रंग, प्लंबर, गिझरची कॉइल असं धरून १२,०००. दर दोन वर्षांनी भाडेकरू बदलला आणि एजंटला एका महिन्याचं भाडं दिलं, तर वर्षाचे ९,०००. कराराचे दोन हजार. बेरीज ७३,४००. उरले १,२४,६००. साडेसदुसष्ट लाखांवर १.८५ टक्के.

अजून प्राप्तिकर बाकी आहे. भाड्याच्या उत्पन्नातून प्रत्यक्ष भरलेला मिळकतकर वजा होतो आणि उरलेल्या रकमेवर सरसकट ३० टक्के वजावट मिळते. तुम्ही रंग लावा किंवा लावू नका, वजावट तेवढीच. वरच्या उदाहरणात करपात्र रक्कम १,३०,२०० येते. २० टक्क्यांच्या टप्प्यातल्या माणसाला उपकरासह सत्तावीस हजार कर लागतो. हातात राहिले लाखाच्या आत. बँकेतली मुदत ठेवसुद्धा, तिच्या व्याजावर कर भरून, याहून जास्त देते.

कर्ज काढून घेतलं असेल तर चित्र आणखी वेगळं. ४० लाखांच्या कर्जावर साडेआठ टक्क्यांनी पहिल्या वर्षाचं व्याजच ३ लाख ४० हजारांच्या आसपास जातं. ‘भाड्यातून हप्ता सुटेल’ हे वाक्य मुंबई-पुण्याच्या आजच्या किमतींना लागू पडत नाही, ते कुणाच्याही तोंडून ऐकलं तरी. जुन्या करपद्धतीत भाड्यापेक्षा व्याज जास्त झालं तर वर्षाला दोन लाखांपर्यंतचा तोटा पगारातून वजा करता येतो. नव्या करपद्धतीत व्याज भाड्यापुरतंच वजा होतं, वरचा तोटा पगाराला लावता येत नाही. कराच्या सवलतीसाठी दुसरा फ्लॅट घेण्याचा जो सल्ला ऑफिसातले सहकारी अजून देतात, तो मागच्या पद्धतीतला आहे.

मग घेऊच नये का? किंमत वाढेल या भरवशावर घेणारे घेतात, आणि कधी कधी त्यांचं बरोबरही येतं. पण मग ती भाववाढीवरची पैज आहे हे स्वतःशी मान्य करावं, तिला भाड्याचं उत्पन्न म्हणू नये. आधीच हातात असलेल्या घराचं गणित वेगळं असतं. आईवडिलांचा फ्लॅट असेल, बदलीमुळे सोडलेला असेल, तर ते बंद ठेवण्याइतकं महाग दुसरं काही नाही. मेंटेनन्स आणि कर चालूच राहतात, पावसाळ्यात भिंतींना बुरशी धरते, नळाचे वॉशर वाळतात. असं घर भाड्याने द्यावं आणि लवकर द्यावं.

भाड्यासाठीच घ्यायचं असेल तर माझं मत लहान घराच्या बाजूने आहे. भाडं किमतीच्या प्रमाणात वाढत नाही. दीड कोटीच्या थ्री बीएचकेला पन्नास लाखांच्या वन बीएचकेच्या तिप्पट भाडं क्वचितच मिळतं. जागा अशी निवडावी जिथे भाडेकरू एकाच प्रकारचा नसेल. हिंजवडी-वाकडच्या मालकांना हे २०२० साली कळलं : कंपन्यांनी लोकांना घरून काम करायला सांगितलं, मुलं सामान बांधून गावी गेली, आणि इमारतीच्या इमारती रिकाम्या झाल्या. ज्या भागात कॉलेज, दवाखाना, रेल्वे स्टेशन आणि दोन-चार निरनिराळ्या प्रकारच्या नोकऱ्या आहेत, तिथे एक आटला तरी दुसरा झरा चालू राहतो.

घर बघताना मॉड्युलर किचनपेक्षा सोसायटीची फाइल बघा. भोगवटा प्रमाणपत्र मिळालं आहे का, जमिनीचं अभिहस्तांतरण झालं आहे का, पाणी कुठून येतं? पुण्याच्या वाढत्या उपनगरांत टँकरचं बिल हाच मेंटेनन्सचा मोठा भाग असतो आणि तो दर उन्हाळ्यात फुगतो. नव्या प्रकल्पाची माहिती महारेराच्या संकेतस्थळावर फुकट बघता येते. ताब्याची तारीख किती वेळा पुढे ढकलली ते तिथे दिसतं. ब्रोशरमध्ये ते दिसत नाही.

भाडं ठरवताना मालक जिथे हमखास चुकतो ती गोष्ट म्हणजे हजार रुपयांचा हट्ट. १८,००० चालू दर असताना १९,०००वर अडून एक महिना घर रिकामं ठेवलं, तर १८,००० गेले. वाढीव हजार अकरा महिन्यांत मिळून ११,०००च होतात. जमा-खर्चाची वही तोट्यातच राहिली, फक्त मन राखलं. रिकाम्या महिन्याची किंमत वर्षाच्या उत्पन्नाच्या आठ टक्क्यांहून जास्त असते. वेळेवर भाडं देणारा, भिंतीला खिळे न ठोकणारा भाडेकरू पाचशे-हजार कमी देऊनही परवडतो.

इथेच ‘फक्त शाकाहारी’, ‘फक्त फॅमिली’, ‘अमुक आडनाव नको’ या अटींबद्दल बोललं पाहिजे. त्या अन्यायाच्या आहेत हे तर आहेच. पण ज्यांना अन्यायाचं काही वाटत नाही त्यांनी निदान हिशेब करावा : दहातले सहा इच्छुक आधीच बाद केले, तर उरलेल्या चारांमधून चांगला माणूस मिळण्याची शक्यता किती, आणि घर किती दिवस रिकामं राहणार? भाडेकरू ओळखायला आडनावापेक्षा पगाराची स्लिप, नोकरीचं ओळखपत्र आणि आधीच्या घरमालकाला केलेला एक फोन जास्त उपयोगी पडतो. आताच्या नव्हे, त्याआधीच्या घरमालकाला फोन करावा. आताचा मालक त्याला घालवायला उतावीळ असला तर गोडच बोलेल.

अनामत दोन ते तीन महिन्यांच्या भाड्याइतकी घ्यावी. मुंबईत ‘हेवी डिपॉझिट’ चालतं : पाच-दहा लाख एकदम घ्यायचे आणि भाडं नाममात्र किंवा शून्य. मालकाला ती रक्कम मिळाल्यासारखी वाटते आणि तो ती खर्च करून टाकतो. करार संपताना परत द्यायला पैसे नसतात, आणि पैसे मिळेपर्यंत भाडेकरू जागा सोडत नाही. त्याच्या जागी कुणीही तेच करेल. ज्याला ही रक्कम बँकेत अलग ठेवता येत नाही, त्याने हा व्यवहार करू नये.

सोसायटीशी बहुतेक भांडणं दोन गोष्टींवरून होतात. भाड्याने द्यायला समितीची ‘परवानगी’ लागते असं अनेक सेक्रेटरी सांगतात. आदर्श उपविधींनुसार सभासदाने कळवायचं असतं आणि नोंदवलेल्या कराराची व पोलिसांना दिलेल्या माहितीची प्रत द्यायची असते. ते वेळेवर आणि लेखी द्यावं, पोच घ्यावी. समितीशी संबंध बिघडवून भाडेकरूला तिथे सुखाने राहता येत नाही. दुसरं, ना-भोगवटा शुल्क. काही सोसायट्या भाड्याच्या टक्केवारीत पैसे मागतात. १ ऑगस्ट २००१च्या शासन आदेशानुसार हे शुल्क सेवाशुल्काच्या दहा टक्क्यांपेक्षा जास्त घेता येत नाही, आणि त्यात पालिकेचे कर धरायचे नाहीत. मुंबई उच्च न्यायालयाने हा आदेश कायम ठेवलेला आहे. बिलावर हजारोंचा आकडा दिसला तर त्या आदेशाची प्रत जोडून शांतपणे पत्र लिहा.

पोलिसांना भाडेकरूची माहिती देणं हा अनेक शहरांत पोलीस आयुक्तांच्या आदेशाचा भाग असतो आणि ती ऑनलाइन देता येते. दहा मिनिटांचं काम. न दिल्यास गुन्हा मालकावर.

चावी देण्याचा दिवस नीट पार पाडला तर चावी घेण्याचा दिवस भांडणाशिवाय जातो. सामान यायच्या आधी, दिवसाच्या उजेडात, दोघांनी मिळून घरातून फिरावं. पंखे किती, कुठल्या कंपनीचे. गिझर चालतो का. बेसिनला तडा आहे का. ओट्याखालच्या ट्रॉल्यांचे रूळ सरकतात का. बाथरूमच्या फरशीच्या फटी भरलेल्या आहेत का. प्रत्येक खोलीचा फोटो, प्रत्येक भिंतीचा. विजेच्या मीटरवरच्या आकड्याचा फोटो तारखेसकट. पाइप गॅस असेल तर त्या मीटरचाही. ही यादी करारालाच जोडावी, दोघांच्या सह्यांसह. हे फोटो दोघांच्याही फोनमध्ये राहिले पाहिजेत, म्हणून तिथेच व्हॉट्सॲपवर पाठवून द्यावेत. महावितरणचं मीटर तुमच्याच नावावर राहतं, त्यामुळे थकलेलं बिल शेवटी तुमच्याच गळ्यात येतं. ग्राहक क्रमांक आपल्या फोनवर नोंदवून ठेवला की बिल आलं, भरलं, हे महिन्याच्या महिन्याला कळत राहतं. अनामत परत देण्याआधी शेवटचं बिल निघेपर्यंत थोडी रक्कम राखून ठेवायची, असं करारातच लिहून ठेवावं.

बाथरूमच्या फटींचा उल्लेख मुद्दाम केला. भाड्याच्या घरातलं सगळ्यात महाग दुखणं म्हणजे खालच्या फ्लॅटच्या छताला येणारी ओल. भाडेकरूला ती दिसत नाही, तुम्ही दुसऱ्या गावात, आणि खालचे काका रोज सेक्रेटरीकडे तक्रार करतात. उपविधींचा साधा नियम असा, की गच्चीची गळती सोसायटीने दुरुस्त करायची आणि वरच्या फ्लॅटच्या मोरी-संडासातून झिरपणारं पाणी त्या सभासदाने. म्हणजे तुम्ही. पहिल्या तक्रारीला फटी भरून घेतल्या तर काम काही हजारांत होतं. वर्ष काढलं तर फरशी उखडून नवीन वॉटरप्रूफिंग करावं लागतं, खालच्यांचा रंग करून द्यावा लागतो, आणि त्या काळात भाडेकरू निघून जातो. भाड्याच्या पंधरा टक्के रक्कम वेगळ्या खात्यात टाकत गेलं की असा फोन आल्यावर जीव दडपत नाही.

भाडं घ्यायचं ते बँकेतूनच. रोखीचा मोह आता निरुपयोगी झाला आहे. पगारदार भाडेकरू घरभाडे भत्त्याची वजावट घेतो, आणि वर्षाचं भाडं एक लाखावर गेलं की त्याला तुमचा पॅन कंपनीला द्यावा लागतो. तुमचं उत्पन्न तुम्ही न सांगताच प्राप्तिकर खात्याला कळलेलं असतं. महिन्याचं भाडं ५०,०००हून जास्त असेल तर साध्या पगारदार भाडेकरूनेही करकपात करायची असते. ऑक्टोबर २०२४पासून तिचा दर २ टक्के आहे.

परदेशी असलेल्या मुला-मुलींचे फ्लॅट आज पुणे-ठाण्यातले निवृत्त आईवडील सांभाळतात. त्यांनी एक लक्षात ठेवावं : मालक अनिवासी असेल तर भाडं कितीही कमी असलं तरी भाडेकरूने ३० टक्के अधिक उपकर इतकी करकपात करून ती सरकारजमा करायची असते. बहुतेकांना हे ठाऊक नसतं. मालकाला भारतात विवरणपत्र भरून जास्तीची रक्कम परत मिळवता येते, पण भाडेकरूने कापलीच नाही तर जबाबदारी भाडेकरूवर येते. हे त्याला आधी सांगणं हा साधा प्रामाणिकपणा आहे. करारावर सही करायला आईवडिलांच्या नावे रीतसर कुलमुखत्यारपत्र हवं. मुलाच्या फ्लॅटचा करार वडिलांनी स्वतःच्याच नावाने करणं, जे सर्रास चालतं, ते वादाच्या वेळी कामाला येत नाही.

आणि भाडेकरू खरंच निघाला नाही तर? आधी मुदत संपल्याची लेखी नोटीस. मग सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज, नोंदवलेल्या कराराच्या प्रतीसह. पाणी तोडणं, वीज बंद करणं, तो कामावर गेलेला असताना कुलूप बदलणं, ओळखीच्या ‘भाऊं’ना पाठवणं, यातलं काही केलंत तर तोपर्यंत तुमच्या बाजूने असलेलं प्रकरण त्याच दिवशी उलटतं आणि फिर्यादीचे तुम्ही आरोपी होता. मुदतीनंतर त्याने दिलेली रक्कम स्वीकारायची असेल तर ती भरपाई म्हणून घेत आहोत, करार वाढवत नाही, असं तिथल्या तिथे लिहून कळवावं. या टप्प्यावर वकिलाची फी वाचवू नये.

हा लेख वाचून झाल्यावर एक काम करा. कपाटातला भाडेकरार काढा आणि त्यावर दुय्यम निबंधक कार्यालयाचा दस्त क्रमांक आहे का ते बघा. नुसता नोटरीचा शिक्का असेल, किंवा मुदत मागच्या दिवाळीला संपलेली असेल, तर भाडेकरू कितीही भला असला तरी याच आठवड्यात एजंटला फोन करा.